काय पाहिलंत कोरियात?

दिनकरराव कोरियाहून परत आले की प्रमोदिनी दारातच विचारायची, "काय पाहिलंत?" आणि बूट काढता काढता दिनकरराव ठरलेलं उत्तर द्यायचे, "मशीन."

हे वीस वर्षं चाललं. आइंडहोवनजवळच्या एका कंपनीत चिप बनवायची अवाढव्य यंत्रं तयार व्हायची. ती कोरियातल्या कारखान्यांत नेऊन बसवायची आणि बसवल्यावर रुसली की त्यांची समजूत काढायची, हे दिनकररावांचं काम. वर्षातून तीन-चार वेळा तरी जाणं व्हायचं. विमानतळ, हॉटेल, कंपनीची बस, क्लीनरूम. पुन्हा बस, हॉटेल, विमानतळ. दिवसभर अंगात पायापासून डोक्यापर्यंत पांढरा सूट, तोंडाला मास्क, हातात दोन-दोन मोजे आणि भोवती बिनखिडकीची खोली. तिकडे बाहेर पाऊस आहे की बर्फ, हेसुद्धा फोनवर प्रमोदिनीच त्यांना सांगायची, कारण ती इंटरनेटवर बघून ठेवायची.

आता अशा माणसाशी लग्न कुणाचं व्हावं? तर पुण्याच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईचं. नेदरलँड्सला आल्यावर तिची शाळा सुटली, इतिहास काही सुटला नाही. म्युझियमचं वर्षाचं कार्ड काढून तिने हा चिमुकला देश पालथा घातला. पडकी भिंत दिसली की ती थांबणार, पाटी वाचणार, पाटीत चूक असली तर ऑफिसात जाऊन सांगणार. आणि तिचा नवरा एवढ्या जुन्या देशात जाऊन, देवळाच्या पायरीशी चपला सांभाळत बसल्यासारखा यंत्राशेजारी बसून परत यायचा. प्रमोदिनीचा तिळपापड व्हायचा.

"अहो, तुमचं हॉटेल ज्या सुवॉनमध्ये आहे ना, त्या गावाला सव्वादोनशे वर्षांचा कोट आहे," एकदा ती पुस्तक नाचवत म्हणाली. "राजाने वडिलांची समाधी त्या भागात आणली आणि जवळच हे नगर वसवलं. वडिलांसाठी! ही बघा दक्षिणेची वेस."

दिनकररावांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "ही होय? ही तर रोज लागते बसच्या वाटेवर. चारी बाजूंनी गाड्या फिरतात. मला वाटलं सर्कल आहे. सुशोभीकरण केलंय."

प्रमोदिनीने कपाळाला हात लावला. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायला तिला हा किस्सा पुरला.

तरी अगदी रिकाम्या हाताने ते आले असं म्हणता यायचं नाही. जिनसेंगचा चहा आणि हॉटेलातले साबण सोडले, तर वीस वर्षांत त्यांनी कोरियातून दोन गोष्टी आणल्या. एक पक्षी आणि एक शब्द.

पक्षी असा. सकाळी बसची वाट बघताना खांबावर एक काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी कचकच करत बसला होता. पार्क नावाचा सहकारी म्हणाला, "आज कुणाकडे तरी पाहुणा येणार." दिनकररावांना भारी मौज वाटली. "अगं, आपला कावळा जे काम करतो ना, ते तिकडे हा करतो. काची म्हणतात त्याला," त्यांनी घरी येऊन सांगितलं. प्रमोदिनीने त्यांना दंडाला धरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं. "हा का?" तो तिथेच कुंपणावर बसला होता. डच लोक त्याला एक्स्टर म्हणतात आणि तो इथे गल्लोगल्ली आहे. दिनकररावांनी तो इथे कधी पाहिलाच नव्हता. "अरेच्चा," ते म्हणाले, "हा माझ्याबरोबर आला वाटतं."

आणि शब्द असा. पार्कने एकदा त्यांना घरी मुक्कामाला नेलं. सकाळी निघताना पार्क दारातून आईला काहीतरी म्हणाला आणि आतून म्हातारीनेही काहीतरी उत्तर दिलं. दिनकररावांनी अर्थ विचारला. पार्क म्हणाला होता, "जाऊन येतो," आणि आई म्हणाली होती, "जाऊन ये." तो कोरियन शब्द दिनकररावांना 'तान्यो'च्या पुढे कधी वळला नाही, पण अर्थ सांगायला त्यांनी भर दुपारी क्लीनरूमच्या बाहेर येऊन फोन केला. "अगं, तेसुद्धा जातो म्हणत नाहीत!"

कारण त्यांच्याही घरी तो नियम होता, आणि कडक होता. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आणि घरातल्याने 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. एरवी प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारे दिनकरराव या बाबतीत हट्टाला पेटायचे. एकदा प्रमोदिनी न्हाणीघरात होती, तर खाली टॅक्सी खोळंबली असताना हा माणूस बॅग धरून दारात उभा. ती ओल्या केसांनी धावत येऊन "या हो, या एकदाचे" म्हणाली, तेव्हा कुठे स्वारी हलली.

दोन हजार एकोणीसच्या शेवटी ते निवृत्त झाले. मुलगी ऋता हूफडॉर्पला राहायची, तिच्या जवळ असावं म्हणून दोघं आइंडहोवन सोडून झूटरमेरला आली. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, पुढे सगळ्या शेजाऱ्यांना जोडणारी लांब गॅलरी, मागे पाणी आणि हिरवळ. खोकी अजून उघडायची होती, तेव्हाच दिनकरराव म्हणाले, "आता तुला कोरिया दाखवतो."

"तुम्ही? मला?"

"बरं, तू मला दाखव. पण जाऊ. इतक्या वेळा तू विचारलंस आणि इतक्या वेळा मी मशीन म्हणालो. मला लाज वाटते गं आता."

एप्रिलच्या मध्याची तिकिटं काढली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो पसरलाच, ताटं कडेकडेने मांडायची. दिनकररावांनी अभ्यास सुरू केला आणि पहिल्याच आठवड्यात हेइन्सा नावाच्या डोंगरातल्या मठापाशी त्यांचं घोडं अडलं. त्या मठात बौद्ध ग्रंथ कोरलेल्या ऐंशी हजारांहून जास्त लाकडी पाट्या आहेत, पावणेआठशे वर्षांच्या. त्या ठेवायला बांधलेली कोठारं पाच-साडेपाचशे वर्षांची. आणि पाट्या अजून धड आहेत.

"का धड आहेत? खिडक्या बघ," ते बोटाने दाखवत म्हणाले. "पुढच्या भिंतीत खालच्या मोठ्या, वरच्या लहान. मागच्या भिंतीत उलट. हवा येते, आत फिरते, निघून जाते. एक पंखा नाही, एक फिल्टर नाही!" यंत्राभोवती धुळीचा कण येऊ नये म्हणून हवा कशी फिरवायची, यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वीस वर्षं त्याच देशात मी हवा फिरवत बसलो होतो आणि हे मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगत होते."

"तू मठ सांगितलास. खिडक्या नाही सांगितल्यास."

प्रमोदिनीचा जीव मात्र सोलमधल्या जोंगम्योवर जडला होता. जुन्या राजाराण्यांच्या आत्म्यांचं ते घर. लांबच लांब, एकसुरी, नटवेपणा नसलेली इमारत, पुढे दगडी अंगण. मेच्या पहिल्या रविवारी तिथे पितरांना सन्मानाने जेवायला बोलावतात, म्हणून परतीचं तिकीट त्यानंतरचं काढलं होतं. तिथल्या दगडी वाटेला तीन पदर आहेत. उजवीकडचा राजाचा, डावीकडचा युवराजाचा आणि मधला, जरा उंच, तो आत्म्यांचा. मधल्या वाटेवर जिवंत माणसाने पाय ठेवायचा नाही.

"तुम्ही नेमके मधून चालाल," ती म्हणाली. "मला माहीत आहे ना."

"सर्कल समजून?" दिनकरराव म्हणाले, आणि दोघं हसली.

फेब्रुवारीत कोरियात साथ पसरल्याच्या बातम्या आल्या. ऋताने फोन करून बजावलं, "बाबा, तिकडे जाणं इज नॉट अ गुड आयडिया." दिनकररावांनी ऐकलं, बघू म्हणाले. भीती सगळी कोरियाची होती, आणि ते निर्धास्तपणे मार्चच्या सुरुवातीला जुन्या सहकाऱ्यांच्या जेवणाला म्हणून आइंडहोवनला जाऊन आले. तिथे नुकताच कार्निव्हल होऊन गेला होता आणि त्या गर्दीत साथ पसरली होती. आधी यांना ताप आला, मग प्रमोदिनीला खोकला. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फोनवर सांगितलं, पॅरासिटामॉल घ्या, घरी थांबा. त्या दिवसांत सगळ्यांना तेच सांगत होते. मग एका दुपारी दिनकररावांना वाक्य पुरं करता येईना.

ॲम्ब्युलन्समधून दोघं जण आले. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे सूट, मास्क, दोन-दोन हातमोजे. दिनकररावांनी खुर्चीतून त्यांच्याकडे पाहिलं आणि धापा टाकत म्हणाले, "हे तर... आमच्या शिफ्टचे." तेवढ्यातही त्यांना विनोद सुचला. बरोबर येता येणार नाही, असं त्यातल्या एकाने प्रमोदिनीला हळू आवाजात सांगितलं. तिने बॅग भरली. खुर्ची चाकांवरून दाराबाहेर गेली. उंबऱ्यावर दिनकरराव मान वळवून म्हणाले, "येतो गं."

आणि प्रमोदिनीला फोनचा चार्जर आठवला. चार्जरशिवाय हा माणूस बोलणार कसा? "थांबा, थांबा," म्हणत ती आत धावली, पलंगाशेजारचा चार्जर ओढून काढला, धावत गॅलरीत आली. लिफ्टचं दार मिटलं होतं. चार्जर तिच्या हातात राहिला, आणि 'या' तोंडात.

दवाखान्यातून एकदाच व्हिडिओ कॉल आला. नर्सने टॅबलेट धरला होता. दिनकररावांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यांनी नुसता हात वर केला. प्रमोदिनी रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल बोलत राहिली, कारण दुसरं काही बोलली असती तर तिला रडू फुटलं असतं. या म्हणायचं तिच्या मनात होतं, पण ते उंबऱ्यावर म्हणायचं असतं, आणि उंबरा तर मागेच ओलांडून झाला होता. मग चित्र थिजलं. त्या रात्री त्यांना झोपेचं औषध देऊन यंत्रावर ठेवलं. ते उठले नाहीत.

अंत्यविधी तिने लॅपटॉपवर पाहिला. तिचा खोकला थांबला नव्हता, तिला बाहेर पडायची मुभा नव्हती. स्मशानगृहाच्या स्वच्छ खोलीत ऋता एकटी उभी होती आणि कॅमेरा वरच्या कोपऱ्यात असल्यामुळे प्रमोदिनीला सगळा वेळ लेकीची फक्त टाळू दिसत होती.

मग मराठी मंडळींनी झूमवर शोकसभा ठेवली. सगळे चांगलं बोलले. पण शेवटी पंचाईत झाली. सुतकाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, मुकाट्याने उठून जायचं असतं. आणि मुकाट्याने उठून जायचं कसं, हे स्क्रीनवर कुणाला कळेना. एकदोघांच्या तोंडून सवयीने "चला, ये..." निघालंच, ते त्यांनी गिळलं. मग एकेक चौकोन गुपचूप विझत गेला. सगळे विझल्यावर प्रमोदिनीचा एकटीचाच चेहरा उरला. तिने तो बराच वेळ पाहिला.

दहावा दिवस आला. इथल्या नियमाप्रमाणे अस्थी महिनाभर मिळत नाहीत. विमानं बंद, नाशिक लांबच राहिलं. पुण्याचे शिरीषगुरुजी म्हणाले, "असू दे, काळच असा आहे. पिंड ठेवा, मी व्हिडिओवर सांगतो. मुलगी करेल, काही हरकत नाही." इमारतीमागे पाण्याकाठी हिरवळीवर जागा धरली. टोकोतल्या, म्हणजे आशियाई वाण्याच्या दुकानातल्या, फ्रीजरमधलं केळीचं पान, त्यावर भाताचे पिंड, काळे तीळ, दही. बेंचवर फोन टेकवून ठेवला होता. त्यात एका चौकोनात गुरुजी, दुसऱ्यात दिनकररावांचा धाकटा भाऊ अजित. ऋता पानापाशी, प्रमोदिनी तिच्यापासून दीड मीटर लांब. खोकला अजून होता, म्हणून मायलेकींनी त्या दिवसापर्यंत एकमेकींना हातही लावला नव्हता. ऊन असं लख्ख पडलं होतं की राग यावा. आकाशात विमानाची एक रेघ नव्हती.

"आता मागे सरा," गुरुजी म्हणाले. "कावळा येऊ दे."

समोरच्या कौलांवर कावळ्यांची रांग बसली होती. ते इथले लहान कावळे, राखी मानेचे, पांढुरक्या डोळ्यांचे. डच भाषेत त्यांना 'काऊ'च म्हणतात. ऋता आठ वर्षांची असताना शाळेतून नाचत घरी आली होती, "आई, इथेपण काऊला काऊच म्हणतात!" आणि तेव्हा प्रमोदिनीला पहिल्यांदा वाटलं होतं की या देशात आपलं निभेल. आता तेच काऊ कौलांवरून बघत होते आणि एकही खाली उतरत नव्हता.

"आला का?" गुरुजींनी विचारलं.

"बदक आलंय," ऋता म्हणाली.

"बदक नको. हाकला."

ऋताने बदक हाकललं. मग ती रडवेल्या आवाजात बोलू लागली, "बाबा, आईकडे मी बघीन. प्रॉमिस. तिला एकटं नाही ठेवणार." कौलांवर हालचाल नाही. "तुझी झाडं मी घेऊन जाईन. सगळी." काही नाही. फोनमधून अजितचा आवाज आला, "दादा, मी अक्काशी अबोला धरलाय, त्याचं तुला वाईट वाटायचं. आज फोन करतो तिला. आजच करतो." अजित पुण्यात ढसाढसा रडत होता. एक कावळा उडाला, सगळ्यांचे श्वास अडकले, आणि तो दुसऱ्या कौलावर जाऊन बसला.

"काहीतरी इच्छा राहिली आहे," गुरुजी म्हणाले. "आठवून बघा."

आठवायचं कशाला? ऋताने आईकडे पाहिलं. "आई, कोरिया. बाबाला तुला कोरिया दाखवायचा होता. म्हण ना, मी जाईन म्हणून. सगळं सुरू झालं की जाईन, बघून येईन. एवढं म्हण फक्त."

एवढं म्हणणं प्रमोदिनीला कठीण नव्हतं, पण ते खरं नव्हतं. तिला स्वतःला पक्कं माहीत होतं, ती जाणार नाही. त्या वेशीपुढे एकटीने उभं राहायचं आणि सर्कलचा विनोद कुणाला सांगायचा? त्या खिडक्यांपुढे कोण डोळे पुसणार? चाळीस वर्षांत ती त्यांच्याशी भांडली, फणकारली, महिनोन्महिने धुसफुसली, पण खोटं कधी बोलली नव्हती. ते आता बोलायचं, जेव्हा त्यांना उलट विचारता येत नाही?

"नाही म्हणणार मी," ती म्हणाली.

"आई, प्लीज! तो अडकलाय तिथे!"

"मला कळतंय ऋता. पण मी जाणार नाहीये. आणि त्यांना फसवणार नाहीये."

फोनमध्ये गुरुजी खाकरले. "थोडा वेळ बघू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्रात सोय आहे." दर्भ इथे कुठला मिळायला, म्हणून ऋताने सकाळीच पाण्याकाठच्या लव्हाळ्याची पाती खुडून आणली होती. रडत रडत ती त्यांना गाठी मारू लागली. पात्यांना पंख येईनात आणि चोचही जमेना. दिनकररावांच्या लेकीला खोट्या कावळ्यावर त्यांची बोळवण करताना बघणं प्रमोदिनीच्याने होईना. ती दोन पावलं पुढे आली, दीड मीटरच्या आत आली, आणि पिंडांकडे बघून म्हणाली,

"अहो. या."

ऋताचे हात थांबले.

"जाऊन या," प्रमोदिनी म्हणाली. "त्या दिवशी राहिलं माझं. चार्जर आणायला गेले होते. तुम्ही लिफ्टमध्ये वाट बघितली असेल. जाऊन या तुम्ही."

"अहो वहिनी!" गुरुजींचा आवाज चढला. "असं म्हणू नये! गेलेल्याला या म्हणायचं नसतं. त्यांना पुढे जाऊ द्यायचं असतं, परत नाही बोलवायचं!"

"त्यांना 'या' म्हटल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही, गुरुजी. तुम्हाला माहीत नाही ते. टॅक्सी खोळंबवून उभे राहायचे." तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबली, डोळे पुसले, आणि मग नेहमी बॅग भरताना बजावायची त्या सुरात बोलू लागली. "मी नाही येत. माझ्याच्याने एकटीने होणार नाही. तुम्ही जा. आता मशीन नाही, बस नाही, कुणाची शिफ्ट नाही. आधी सुवॉनची वेस बघा. ते सर्कल नाही, लक्षात ठेवा. मग डोंगरात जा, खिडक्यांपाशी हवे तितके दिवस बसा, कुणी उठवणार नाही. आणि जोंगम्योला..." तिचा आवाज फुटला. "जोंगम्योला मधल्या वाटेने चाला. आता चालतं तुम्हाला. ती तुमचीच वाट आहे. नीट बघा सगळं. आणि येऊन मला सांगा."

ती मोठ्याने रडली. शेजारच्या इमारतीतल्या एका डच बाईने बाल्कनीतून पाहिलं आणि सभ्यपणे आत निघून गेली. ऋताने हातातली पाती टाकली, दीड मीटर विसरली आणि आईला मिठी मारली.

तेव्हा तो आला. कौलांवरून नाही, मागच्या पॉप्लरच्या झाडावरून. काळा-पांढरा, लांब शेपटीचा. हिरवळीवर दोन उड्या मारल्या, मान तिरकी करून दोघींकडे बघितलं आणि पिंडातला घास चोचीत धरून तो पाण्यावरून उडून गेला.

"शिवला का?" गुरुजींनी विचारलं. "ऋता? कावळा शिवला का?"

ऋताने आईकडे पाहिलं. तिला पक्ष्याचं डच नाव माहीत होतं, आणि बाबांची काचीची गोष्ट तिने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती.

"शिवला, गुरुजी," ऋता म्हणाली.

त्या वसंतात कुणाच्याच घरी पाहुणे येत नव्हते. ऋताने आईला हूफडॉर्पला चल म्हणून परोपरीने विनवलं, पण प्रमोदिनी झूटरमेरचं घर सोडेना. टेबलावरचा नकाशाही तिने गुंडाळला नाही. एकच ताट कडेला मांडून ती जेवायची. बाई खुळी नव्हती. एक्स्टर पक्षी मिळेल ते खातो आणि झूटरमेरला असे शेकड्याने आहेत, हे तिला तुमच्या-आमच्याइतकंच कळत होतं.

मेच्या पहिल्या रविवारी तिने बऱ्याच दिवसांनी पुरता स्वयंपाक केला. वरण-भात, बटाट्याची भाजी, थोडा शिरा. जोंगम्योला पितरांची पंगत त्या दिवशी बसली की नाही, हे तिने इंटरनेटवर पाहिलं नाही. एक पान वाढून ती गॅलरीत घेऊन आली, तेव्हा कठड्यावर तो बसला होता. तोच की दुसरा, कोण सांगणार? पण तो उडाला नाही.

प्रमोदिनी दारात उभी राहिली. वीस वर्षं उभी राहायची तशीच, एक हात चौकटीला लावून.

"आलात?" ती म्हणाली. "काय पाहिलंत?"

पक्ष्याने शेपटी उडवली आणि कचकच सुरू केली. पान गार होईपर्यंत तो बोलत होता. एवढं लांबलचक उत्तर तिला जन्मात पहिल्यांदाच मिळत होतं, आणि त्यातलं एक अक्षरही तिला कळत नव्हतं.